हे रताळ्याचं शेत कुणाचं?

दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका टॉवरमध्ये आमचं सबटायटल्सचं ऑफिस आहे. भाषांतर दुसरे लोक करतात, माझं काम अगदी शेवटचं. इंग्रजी ओळ पडद्यावर वेळेवर येते का, वाचून होईपर्यंत टिकते का, माणसाचं तोंड मिटल्यावरही खाली लोंबकळत तर नाही ना, एवढं बघायचं. एकच वाक्य मी दहा वेळा मागेपुढे करून बघते, त्यामुळे सिनेमा माझ्या डोक्यात तुकड्यातुकड्यांनी शिरतो. संध्याकाळी घरी नवऱ्यानं विचारलं, 'आज कुठला पिक्चर?' तर मला कुणाचा चहा सांडला, कुणी दार आपटलं एवढंच सांगता येतं. गोष्ट काय होती ते बरेचदा ठाऊक नसतं.

गेल्या हिवाळ्यात एका छोट्या महोत्सवासाठी दोन सिनेमे एकदम आले. एक फिलिपिनो, एक जपानी. दोन्ही जुने, आणि दोन्ही महायुद्धातल्या त्याच काळावर, जपान्यांनी फिलिपिन्स ताब्यात घेतलं होतं तेव्हाच्या. एकाच दिवशी एकापाठोपाठ एक दाखवायचे होते. मला त्या काळाची काहीच माहिती नव्हती. शाळेत आम्हाला महायुद्ध शिकवलं ते हिटलरपासून सुरू झालं आणि दोन अणुबॉम्बवर संपलं. मध्ये कुठे फिलिपिन्स असेल तर बाईंनी ते परीक्षेला येणार नाही म्हणून सोडून दिलं असणार. दुबईत आल्यापासून मात्र मी रोज फिलिपिनो माणसांमध्ये वावरते. डेंटिस्टकडची रिसेप्शनिस्ट, मुलीची स्विमिंग टीचर, बिल्डिंगखालच्या सलूनमधल्या मुली, सगळ्या फिलिपिनो. त्यांच्या आजी-आजोबांनी काय बघितलं असेल हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता.

माझ्या शेजारच्या टेबलावर आते बसते. माझी आत्या नव्हे. तागालोग भाषेत थोरल्या बहिणीला आते म्हणतात, आणि ऑफिसातले सगळेच, लेबनीज बॉससकट, तिला आते म्हणतात. पन्नाशीची, कामाला वाघ. मी पहिल्या दिवशी तिला सांगितलं होतं की आमच्याकडे वडिलांच्या बहिणीला आम्ही अशीच हाक मारतो. ती म्हणाली, "म्हणजे मी तुझ्या बाबांची बहीण? मग तू मला उलट उत्तर द्यायचं नाहीस." फिलिपिनो सिनेमाचं भाषांतर तिनं केलं होतं.

जपानी सिनेमाचं भाषांतर करणारी बाई अबुधाबीला राहते. नवरा तिथे इंजिनियर. तिला हायवेवर गाडी चालवायची भीती वाटते म्हणून आठवड्यातून एकदा ती बसनं आमच्याकडे येते. जपानी लोकांत आडनावाला 'सान' जोडून हाक मारायची पद्धत आहे. इथे आडनाव नको, नुसतं सान म्हणू. शांत, नीटनेटकी, माझ्याच वयाची. डब्यातला भातसुद्धा ती घडी घातल्यासारखा आणते.

सुरुवात झाली ती माझ्या चौकसपणातून. फिलिपिनो सिनेमात एक नदीकाठचं गाव आहे. पुलावर जपानी पहारेकरी उभा. येणाऱ्याजाणाऱ्यानं त्याच्यासमोर कमरेत वाकायचं, नाही वाकलं तर थोबाडीत. गावातले लोक बोलले की खाली इंग्रजी ओळ येत होती. जपानी सैनिक ओरडले की आतेच्या फाइलमध्ये कंसात नुसतं 'जपानीत ओरडतो'. पुन्हा 'जपानीत ओरडतो'. पुन्हा तेच.

"पण तो ओरडतोय काय?" मी आतेला विचारलं.

"मला काय माहीत? वाईटच असणार."

त्या आठवड्यात सान आली तेव्हा मी तिला हेडफोन दिला. ती सगळे तुकडे गंभीर चेहऱ्यानं ऐकत होती. पहिला म्हणतोय, रांगेत या. दुसरा म्हणतोय, लवकर चला. तिसऱ्या तुकड्याशी ती थांबली, पुन्हा ऐकला, आणि तिनं तोंडावर हात धरला. मला वाटलं, काहीतरी भयंकर असेल. ती हसू दाबत होती.

"हा माणूस डोळे वटारून ओरडतोय," ती म्हणाली, "'या, या, आपलं स्वागत आहे!' आमच्याकडे हॉटेलात शिरलं की असं ओरडतात."

आते खुर्चीतून उठून आली. तो प्रसंग असा होता की सैनिक दारावर लाथ मारून घरात शिरतो आणि आतली बाई किंकाळी फोडते. आम्ही तिघींनी तो पुन्हा लावला. बंदूक रोखून, दात विचकून, 'आपलं स्वागत आहे!' नट जपानी नव्हताच. कुणीतरी त्याला सांगितलं असेल, येतं ते जपानी बोल, आणि बिचाऱ्याला तेवढंच येत असेल. आते हसून हसून रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "लहानपणी हा सीन बघून मी अंथरूण ओलं केलं होतं."

मग मला साहजिकच वाटलं की जपानी सिनेमातही असं काही असेल. तो सिनेमा फारच वेगळा. हरत आलेल्या सैन्यातले चार सैनिक डोंगरात भटकतायत. अन्न नाही, बूट फाटलेत, एकाला ताप. दोन तास नुसतं चालणं, चिखल आणि भूक. लोकांचा देश आहे, पण लोक जवळजवळ दिसतच नाहीत. लांब कुठेतरी धूर, ओसाड झोपड्या, वाळत घातलेला एखादा कपडा. फिलिपिनो सिनेमात जपान्यांचे चेहरे खालून दिसायचे, जमिनीवर बसलेल्या माणसाला दिसतील तसे. इथे फिलिपिनोंना चेहराच नव्हता. एक प्रसंग मात्र होता. ते चौघे जंगलातून बाहेर पडतात तर समोर रताळ्याचा मळा. चौघं गुडघ्यावर बसून हातांनी माती उकरतात, मातीसकट कच्ची रताळी खातात. मागे संगीत वर चढतं, जणू देव भेटला. आणि मळ्याच्या कडेला एक म्हातारी येऊन उभी राहते आणि त्यांच्याकडे हात करून काहीतरी ओरडते. जपानी संहितेत तिच्यापुढे लिहिलं होतं, 'स्थानिक म्हातारी ओरडते'. सानच्या फाइलमध्ये कंसात तेच.

"ही काय म्हणते?" मी विचारलं.

"शाप देत असेल," सान म्हणाली. "हा सिनेमा आम्हाला कॉलेजात दाखवला होता. सगळ्यांना तेव्हा तसंच वाटलं होतं."

आतेनं हेडफोन लावला. दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना तिच्या कपाळावर आठी पडली. "हे तागालोग नाही. इलोकानो आहे बहुतेक. उत्तरेकडची भाषा. माझ्या आईची."

"मग सांग ना."

"मला येत नाही," आते म्हणाली. "आम्ही मनिलात वाढलो. आई आमच्याशी तागालोगच बोलायची. इलोकानो ती फक्त तिच्या बहिणींशी बोलायची, आणि तेसुद्धा आम्हाला कळू नये म्हणून."

योगायोग असा की आतेची आई तेव्हा इथेच होती. व्हिजिट व्हिसावर आलेली, वय पंच्याऐंशीच्या पुढचं, अल कुसैसला आतेच्या फ्लॅटवर. आमची बिल्डिंग तिथून दोन गल्ल्या सोडून. मी म्हटलं, शनिवारी सगळ्या माझ्याकडे जेवायला या, आजींना टीव्हीवर दाखवू. बॉसची परवानगी काढली. तो म्हणाला, "यल्ला, चल, घेऊन जा. पण तुझ्या हॉलच्या बाहेर जाता कामा नये." सान म्हणाली, मी येऊ का? तिला ती ओळ स्वतः ऐकायची होती. पण लगेच तिनंच मागे घेतलं, "नको. त्यांना आवडणार नाही."

आतेनं घरी आईला विचारलं. दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, "नानाय म्हणते," नानाय म्हणजे आई, "की तिचं वय काय? मी म्हटलं, पंचेचाळीस. तर म्हणे, मग तिचा काय संबंध? ती डुकराचं मटण खाते का तेवढं विचार. या शेजारणीकडे मिळणार नाही, मी करून आणते."

शनिवारी दुपारी आजी आल्या. ठेंगण्या, कडक इस्त्रीचा फुलाफुलांचा झगा, हातात काठी पण ती बहुधा दुसऱ्यांना ढोसायलाच. मी कोळंबीचं कालवण आणि भात केला होता. त्यांनी डबा भरून आपलं मटण आणलं होतं आणि माझ्या नवऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत दोन वेळा वाढलंही. सान अबुधाबीहून केक घेऊन आली आणि दारातच कमरेत वाकली. तिची ती सवयच आहे, ऑफिसात डिलिव्हरीवाल्यालाही वाकते. पण त्या क्षणी आते आणि मी दोघी एकदम अवघडलो, कारण आदल्या आठवड्यात आम्ही तो पूल आणि ते थोबाडीत मारणं शंभर वेळा बघितलं होतं.

आजी तिच्याकडे बघत राहिल्या. मग काठी सोफ्याला टेकवली, पाय थोडे फाकवून उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "इची! नी! सान! शी!" एक, दोन, तीन, चार. आणि दोन्ही हात वर नेऊन बाजूला खाली आणले.

सानचे हात आपोआप वर गेले. मी हे डोळ्यांनी बघितलं, तिनं विचारही केला नाही. तिच्या देशात शाळेत सकाळी रेडिओवर हीच कवायत असते, ती लहानपणापासून करत आलेली. आजींना ती जपान्यांनी ताब्यातल्या शाळेत शिकवली होती. हात बाजूला, मग कंबर वळवायची, मग उड्या. उड्या आजींनी मारल्या नाहीत, बोटानं दाखवल्या. बाकी सगळं त्या दोघींनी समोरासमोर उभं राहून केलं. एकही हालचाल चुकली नाही.

माझी मुलगी मोबाइल काढून म्हणाली, "मम्मा, धिस इज सो वियर्ड. हाऊ डू दे नो द सेम स्टेप्स?"

"विचार त्यांनाच," मी म्हटलं. तिनं विचारलं. आजी म्हणाल्या, "नाही केलं तर भात मिळायचा नाही." आणि धापा टाकत खाली बसल्या. सानचा चेहरा लाल झाला होता. ती केक कापायला उठली.

जेवणं झाल्यावर जपानी सिनेमा लावला. आम्हाला वाटलं होतं थेट रताळ्याच्या मळ्यावर जाऊ. आजी म्हणाल्या, पहिल्यापासून लावा. त्या बोलत बोलत बघतात. आतेनं आधीच बजावलं होतं. "हे सगळे बारीक आहेत, पण दात किती छान." "अरे, ते पान खाऊ नको, खाज सुटेल." तापानं फणफणलेला सैनिक आईला हाक मारतो तेव्हा त्या गप्प झाल्या. मग मळा आला. चौघे धावले, गुडघ्यावर बसले, संगीत चढलं. सान खुर्चीच्या टोकाला आली होती.

आजींनी काठीनं पडद्याकडे दाखवलं. "हे शेत कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे?" आतेनं विचारलं.

"नाही, म्हणजे हे शेत कुणाचं आहे? एवढी रताळी आपोआप येत नाहीत. कुणीतरी वेल लावलाय, माती चढवलीय. ते कुठे आहेत?"

तेवढ्यात म्हातारी आली आणि ओरडली. आजी खदखदून हसल्या. मी सिनेमा थांबवला.

"काय म्हणाली, नानाय?" आतेनं विचारलं.

"म्हणाली, दाक्केल घ्या, बस्सित राहू द्या. मोठी काढा, लहान आत ठेवा. अरे मूर्खांनो, सगळं उपटलंत तर पुढच्या महिन्यात तुम्हीच काय खाल?"

"शाप नाही?" सानचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"शाप कशाला देईल? चोराला शाप देऊन रताळी परत येतात का? शेत वाचवतेय ती." मग आजी माझ्याकडे वळल्या. "तुम्ही लोक खाता का हे?"

मी म्हटलं, खातो की, उपासाला.

"उपास म्हणजे उपाशी राहायचं ना?"

"हो."

"मग खाता कशाला?"

आजी म्हणाल्या की त्यांनी युद्धभर सकाळ-संध्याकाळ तेवढंच खाल्लं आणि नंतर आयुष्यात कधी तोंडात घातलं नाही. सानला त्यांनी म्हातारीची ओळ पुन्हा म्हणायला लावली. ती म्हणाली. आजींनी उच्चार सुधारला.

चहा झाला. खरं तर तेवढ्यावर दुपार संपायला हरकत नव्हती. पण आजी म्हणाल्या, आता आमचा लावा. फिलिपिनो सिनेमात शेवटाकडे एक मोठा प्रसंग आहे. जपानी सैनिक सगळ्या गावाला चर्चच्या पटांगणात गोळा करतात. एका माणसाच्या डोक्यावर ताडाच्या पानांची विणलेली पिशवी उलटी घातलेली, बाजारात नेतात ती, बायोंग म्हणतात तिला. डोळ्यांपुरती दोन भोकं. हा गावातलाच माणूस, फितूर. पुरुषांच्या रांगेपुढून त्याला चालवत नेतात. तो ज्याच्यासमोर मान हलवेल तो बंडखोर, त्याला मागे नेऊन मारतात. सिनेमात हे रात्री घडतं, पाऊस, मशाली, ढोल. भोकांतून त्याचे डोळे चमकतात. शेवटी गावकरी त्याला ओळखतात आणि फाशी देतात. संपला सिनेमा.

मला वाटलं, हा भाग लावायला नको होता. पण आजी शांतपणे बघत होत्या. त्याला फाशी दिल्यावर मात्र त्यांनी मान हलवली. "असं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"काय असं नव्हतं?" आतेनं विचारलं.

"आमच्याकडे सकाळ होती. कडक ऊन. मला लघवीला लागली होती आणि आई हलू देत नव्हती. आणि डोळे कुणी बघितले? आम्ही बायका-पोरं जमिनीवर बसलो होतो. आम्हाला पाय दिसत होते."

आते आईकडे बघतच राहिली. तिनं मला नंतर सांगितलं की हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. आईच्या बालपणातल्या युद्धाच्या गोष्टी म्हणजे भुकेच्या आणि लपंडावाच्या, हसत सांगितलेल्या. पटांगण त्यात कधीच नव्हतं.

आजी तागालोगमध्ये बोलू लागल्या, आते थांबत थांबत इंग्रजीत सांगत होती. त्या तेव्हा इतक्या लहान होत्या की दुधाचे दात पडत होते. पिशवीवाला अनवाणी होता. त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला नख नव्हतं. रेड्यानं पाय दिला होता तेव्हापासूनचं. गावात तसा पाय एकाचाच. सगळ्या पटांगणानं तो पाय बघितला, आणि सगळ्यांना कळलं, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. पुरुष समोर रांगेत उभे. तो आजींच्या वडिलांसमोर आला आणि थांबला.

"किती वेळ?" मी विचारलं, आणि माझं मलाच वाटलं की हा काय प्रश्न, पण माझं कामच ते.

"आईनं माझा हात इतका आवळला की बोटं पांढरी पडली. तेवढा वेळ." आजींनी आपला हात वर करून दाखवला. "मग तो पुढे गेला. पुढे मीठ विकणारा होता. त्याच्यासमोर मान हलली."

मीठवाल्याला चर्चच्या मागे नेलं. त्याची मुलगी आजींची मैत्रीण. दोघी एकाच दोरीवर उड्या मारायच्या. त्या दिवसानंतर ती मुलगी आजींशी बोलली नाही. तिच्या घरच्यांचं म्हणणं पडलं की तुमच्या बापानं त्या माणसाला काहीतरी दिलं असेल, नाहीतर तो थांबून पुढे कसा जाईल? युद्ध संपलं, जपानी गेले. पुढे आजी लग्न होऊन मनिलाला गेल्या, म्हातारपणी गावी परतल्या, तर मैत्रीण समोरच्याच घरात. चर्चमध्ये एका बाकावर बसायच्या, पण मधे माणूस बसवून. मागच्या वर्षी ती गेली.

"जपान्यांवरचा राग कधीच संपला," आजी म्हणाल्या. त्यांनी सानकडे बघितलं, पण तिच्यासाठी म्हणून बोलल्यासारखं वाटलं नाही. "ते निघून गेले. ही समोरच राहत होती."

"पण मग तो पुढे का गेला?" आतेनं विचारलं. "आजोबांनी काही दिलं होतं का?"

"मलाही हेच हवं होतं. बाबा म्हातारे झाले तेव्हा मी विचारलं. त्यांना सगळं आठवत होतं. म्हणाले, 'त्या दिवशी ऊन फार होतं.' बस. पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच, ऊन फार होतं."

"आणि तो पिशवीवाला? त्याचं काय झालं?"

"काय होणार? जगला. त्याचं दुकान होतं. आम्ही रॉकेल त्याच्याकडूनच आणायचो. दुसरं दुकान नव्हतं."

माझी मुलगी मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होती. मग सान बोलली. ती म्हणाली, माझ्या आजीचा धाकटा भाऊ फिलिपिन्समध्ये गेला. लढाईत नाही, भुकेनं. घरी एक पेटी आली होती. उघडली तर आत दगड. बाकी काही सापडलं नव्हतं म्हणून दगड. इतकं बोलून ती थांबली, बहुधा आपण हे इथे का सांगितलं असं तिला झालं असावं.

आजींनी मात्र लगेच विचारलं, "कुठल्या डोंगरात?"

"माहीत नाही."

"तुझ्या आईला माहीत असेल?"

"विचारलं नाही कधी."

"मग विचार," आजी म्हणाल्या. "तुझी आई आहे ना अजून? माझ्यासारखी बसवून विचार. पण ती 'ऊन फार होतं' म्हणायला लागली की सोड."

संध्याकाळ व्हायच्या आत सान बससाठी निघाली. जाताना ती पुन्हा वाकली आणि या वेळी आजी पण थोड्या वाकल्या, गुडघा दुखत असल्यामुळे किंवा मुद्दाम, मला सांगता येणार नाही. उरलेलं मटण त्यांनी तिला बांधून दिलं.

पुढचा प्रश्न ऑफिसचा होता. म्हातारीची ओळ इंग्रजीत लिहायची की नाही? बॉसचं म्हणणं, मूळ संहितेत नाही तर आपण कोण घालणार? मला त्याचं पटतही होतं. त्या चार सैनिकांना ती काय म्हणते ते कळत नव्हतं, मग बघणाऱ्याला का कळावं? सान पहिल्यांदाच हट्टाला पेटली. "सिनेमा लागल्यापासून आमच्याकडे सगळे शाप समजत आलेत," ती म्हणाली. तिनं निर्मात्यांच्या ऑफिसला मेल लिहिली. उत्तर यायला वेळ लागला. दिग्दर्शक केव्हाच वारला होता. त्याच्या हाताखाली काम केलेल्या एका वृद्ध गृहस्थानं कळवलं की ती नटी नव्हती, जिथे शूटिंग झालं तिथल्याच गावची बाई होती. तिला नुसतं सांगितलं होतं की हे सैनिक तुझं शेत उकरतायत, तुला जे म्हणायचं ते म्हण. ती काय म्हणाली ते आम्ही तेव्हा विचारलं नाही, आता कळलं, जरूर लिहा.

ओळ मी बसवली. म्हातारीचं तोंड उघडताना आणायची आणि हात खाली जाईपर्यंत ठेवायची. फिलिपिनो सिनेमातलं 'आपलं स्वागत आहे' मात्र आम्ही एकमतानं कंसातच राहू दिलं. नाहीतर एवढ्या भयंकर प्रसंगात जपानी प्रेक्षक हसतात तसे सगळेच हसले असते.

महोत्सवाला मी गेले होते. आजी तोवर व्हिसा संपून परत गेल्या होत्या. हॉल अर्धा भरलेला, बरेचसे फिलिपिनो, थोडे जपानी. रताळ्याचा मळा आला, म्हातारी आली, आणि इंग्रजी ओळ पडद्यावर यायच्या किंचित आधीच मागच्या रांगेत दोघी-तिघी बायका हसल्या. त्यांना ओळीची गरज नव्हती. आत्तापर्यंत जिथे जिथे हा सिनेमा लागला असेल तिथे अशी एखादी बाई बसलेली असेल का, जिला सगळं कळलं पण कुणी विचारलं नाही, हा प्रश्न त्यानंतर बरेच दिवस माझ्या डोक्यात राहिला.

सानला तिच्या आईकडून प्रांताचं नाव कळलं. आजींच्या गावापासून पुष्कळ लांबचा प्रांत. तिच्या आईला सगळं ठाऊक होतं, त्या वेळी घरी आलेल्या पत्रातलं गावसुद्धा. ती म्हणाली, तू कधी विचारलं नाहीस.

आतेनं मात्र नवंच सुरू केलंय. लंचच्या सुट्टीत ती पॅन्ट्रीत बसून आईला व्हिडिओ कॉल लावते आणि इलोकानो शिकते. आधी भाज्या झाल्या, मग नातीगोती, मग लहान लहान वाक्यं. आजी स्क्रीनवर फक्त कपाळापासून वर दिसतात आणि चूक झाली की काठी आपटल्याचा आवाज येतो. माझंही थोडं शिकून झालंय. वेन म्हणजे हो, सान म्हणजे नाही. हे सानला सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे तुम्ही मला दिवसभर 'नाही' म्हणून हाक मारता?

परवा आतेनं सगळी तयारी करून, कागदावर शब्द जुळवून, आईला इलोकानोत विचारलं की त्या पिशवीवाल्याचं घर कुठलं? तागालोगमध्ये विचारलं होतं तेव्हा आजींनी उडवून लावलं होतं, "गावी गेलीस तेव्हा तू त्यांच्याकडे जेवली आहेस, आता नाव कशाला हवं?" एवढंच म्हणाल्या होत्या. या वेळी त्या हसल्या. मग इलोकानोतच बोलत राहिल्या, बराच वेळ, मध्ये एकदा रडवेल्या झाल्या, मग पुन्हा नेहमीसारख्या. आते मान हलवत ऐकत होती. फोन ठेवल्यावर मी घाईघाईनं विचारलं, "काय सांगितलं?"

"अर्धंच कळलं," आते म्हणाली. "मुद्दाम भरभर बोलली ती." आणि डबा उघडून जेवायला लागली.